‘ढ’ मूल नसतंच म्हणे!

डस्टर

चार दिवसांत तीन ग्रुपांवर एकच पोस्ट आली. आज पहाटे सोसायटीच्या ग्रुपवर चौथ्यांदा आली, तेव्हा राहवलं नाही. पोस्ट अशी: “अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने सिद्ध केलंय की सगळी मुलं सारख्याच वेगाने शिकतात. हुशार आणि ढ हा भेद शिक्षकांनी तयार केलाय. तुमच्या मुलाला ढ म्हणणाऱ्या शिक्षकाला हे नक्की पाठवा.” खाली जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल.

एका पालकांनी आज्ञा तंतोतंत पाळली आणि मला पाठवली. चिरंजीवांना सहामाहीत ४० पैकी ११. मी त्याला आजवर ढ म्हटलेलं नाही, फक्त ११ हा आकडा कळवला होता.

सांगलीत २२ वर्षं गणिताचे क्लास घेतोय, आठवी ते दहावी. एकाला समीकरण एकदा दाखवलं की पुढची पाच तो स्वतःहून करून आणतो. दुसऱ्याला तेच अकरा वेळा दाखवलं. बाराव्या वेळी तो “बाजू बदलली की चिन्ह बदलतं” हे शपथेवर सांगतो आणि खालच्याच ओळीत चिन्ह न बदलता लिहितो. हे दोघे सारख्या वेगाने शिकतात असं ज्याला वाटतं त्याने एक दिवस माझी संध्याकाळची बॅच घ्यावी. चहा माझ्याकडून.

मूळ शोधनिबंध या संकेतस्थळावर कोणी वाचलाय का, की सगळेच फॉरवर्डबहाद्दर?

अंजिरा

वाचलाय. पोस्ट निम्मी चूक आहे. तुम्हीही निम्मे चूक आहात.

निबंध केन कोडिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०२३चा. हा माणूस तीसेक वर्षं संगणकी शिकवणी-प्रणाली बनवतोय आणि मुलं तिच्यावर कुठे अडखळतात ते मोजतोय. या वेळी विदाचे (डेटाचे) २७ संच घेतले: प्राथमिक शाळेपासून कॉलेजपर्यंत, गणित, विज्ञान, भाषा. एकूण नोंदी १३ लाख. ‘समीकरणं’ असा आख्खा धडा त्यांनी मोजला नाही. धड्याचे बारीक तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकडा मूल पहिल्यांदा करतं तेव्हा, दुसऱ्यांदा करतं तेव्हा, तिसऱ्यांदा करतं तेव्हा बरोबर येतं की चूक, एवढंच पाहिलं.

दिसलं ते असं. सरावाच्या सुरुवातीला सरासरी ६५ टक्के बरोबर. मग दर वेळी अडीचेक टक्क्यांची भर. ही अडीच टक्क्यांची भर पोरागणिक फारशी बदलत नाही. बदलते ती सुरुवात. वरची निम्मी मुलं ७५ वर सुरू होतात, खालची निम्मी ५५ वर. ८० टक्क्यांना पोचायला वरच्यांना चारएक संधी पुरतात, खालच्यांना तेराएक लागतात. संशोधक स्वतःच इतके चकित झाले की तो शब्द त्यांनी निबंधाच्या शीर्षकात घातला. ‘भेद शिक्षकांनी तयार केला’ हे वाक्य त्यात कुठेही नाही, ते फॉरवर्ड करणाऱ्याच्या घरचं आहे.

आणि डस्टरराव, “अकरा वेळा दाखवलं” म्हणता. म्हणजे अकरा वेळा कोणी सोडवलं? तुम्ही. मग ११ संधी तुम्हाला मिळाल्या. त्याला किती?

डस्टर

शब्दच्छल. दाखवल्याशिवाय पोरगं करणार कसं? पोहायला शिकवताना आधी हात मारून दाखवतातच ना.

कर्कटक

दाखवतात. पण अकराव्या वेळीसुद्धा पोरगं काठावरच उभं असेल तर शुल्क परत मागतात.

पाऊणकी

ही सगळी अमेरिकन थेरं आहेत. तेरा वेळा सराव हे सांगायला यांना १३ लाख नोंदी लागल्या? आमच्या शाळेत दिवेलागणीला ओसरीवर बसून बे ते तीस पाढे, मग पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. तेरा नव्हे, तीनशे वेळा. आज ७४व्या वर्षी भाजीवाल्याने सव्वादोन किलोचा हिशेब चुकवला तर त्याच्या कॅल्क्युलेटरच्या आधी माझं उत्तर येतं. घोकंपट्टीला नावं ठेवून ठेवून तुम्ही पिढी वाया घालवलीत. आणि हे कमी होतं म्हणून २०१९ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात काय आणलं? वीस दोन! बावीस म्हणायला पोरांची जीभ झिजते का? आमच्या आज्यांना जमलं, यांना जमत नाही!

कर्कटक

झालं. वीस दोन आलं. आता धागा शंभरी गाठणार. चुकलो, नव्वद दहा.

वस्तीशाळा

पाऊणकीकाका, नमस्कार. मी झेडपीच्या दोनशिक्षकी शाळेत आहे, पहिली-दुसरी माझ्याकडे. माझ्या निम्म्या पोरांच्या घरात मराठी बोलत नाहीत. ‘त्रेपन्न’ म्हटलं की त्यांना ‘त्रे’ आधी ऐकू येतं, म्हणून आधी ३ लिहितात आणि मग ५. पस्तीस. पाटीवर ३५ लिहून इतक्या विश्वासाने पाटी वर करतात की खोडताना माझ्याच जिवावर येतं. त्यांना बेरीज येते, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बरोबर बांधतात. अडतं ते नावापाशी.

पुस्तकाने ‘बावीस’ काढलंही नव्हतं, हे आता सगळे विसरलेत. दोन्ही दिलं होतं. वीस दोन ही पायरी होती. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर परोपरीने हेच सांगत होत्या. विधानसभेत कोट्या झाल्या, वाहिन्यांवर दोन दिवस हसून घेतलं, आणि आमच्या वर्गातलं कोणी विचारलंच नाही.

पाऊणकी

पायरी म्हणून आणता आणि मग तीच गच्ची होते. उद्या म्हणाल ‘आई’ला दोन अक्षरं जड जातात, नुसतं ‘आ’ म्हणा. भाषा सोपी करायची नसते, पोर मोठं करायचं असतं.

तीन नद्या

माझ्या सासूबाई कन्नड. त्यांच्यात २२ म्हणजे इप्पत्तेरडु, सरळ वीस आणि दोन. तेलुगू-तमिळमध्येही तेच. कन्नड संस्कृती अजून बुडालेली दिसत नाही.

अंजिरा

मी विषयांतराच्या विरोधात होते, पण हे विषयांतर नाहीच. कोडिंगर ज्याला तुकडा म्हणतात तो हाच. कन्नड पोराला वीस, तीस, चाळीस ही नावं आणि एक ते नऊ आले की बाकी आपोआप लागतं. मराठी पोराला जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. बासष्ट, त्रेसष्ट, सदुसष्ट. २९ एकोणतीस, ३९ एकोणचाळीस, असं करत ८९ एकोणनव्वदपर्यंत नियम लागला म्हणून पोर खुश होतं आणि ९९ला ‘एकोणशंभर’ म्हणतं. आपण हसतो. खरं तर त्या क्षणी वर्गात सर्वात तर्कशुद्ध बोलणारं तेच असतं.

तर तुकडे जास्त, म्हणून सरावाच्या संधी जास्त लागणार. ज्याच्या घरी आजी गोट्या मोजता मोजता हे करून घेते, ते मूल शाळेत ७५ वर येतं. ज्याच्या घरी मराठीच नाही ते ५५ वर. आपण दोघांना एकाच दिवशी एकच पाटी देतो आणि संध्याकाळी म्हणतो, हा हुशार, तो ढ.

पाऊणकी

म्हणजे आजीने करून घेतलं म्हणून जमलं. हेच तर मी म्हणतोय!

अंजिरा

तुमची पावकी-निमकी मी कुठे नाकारली? सराव लागतोच, हाच निबंधाचा गाभा आहे. फक्त तीनशे वेळा म्हणायला लावताना तुमच्या गुरुजींनी चुकलं कुठे ते सांगितलं की छडी दिली, एवढाच प्रश्न आहे.

पाऊणकी

दोन्ही.

विदाबिंदू

दोन्ही बाजूंनी इतका जोर लावू नका. त्या निबंधाबद्दल दोन शंका आहेत. एक, ज्या मुलाच्या नोंदी थोड्या, त्याचा वेग हे असलं मॉडेल सरासरीकडे ओढतं. त्यामुळे वेग सारखे दिसण्यात काही हात गणिती पद्धतीचाही असू शकतो. दोन, जो पोरगा तिसऱ्या चुकीला संगणक बंद करून खेळायला गेला, त्याच्या तेराव्या संधीची नोंद कुठून येणार? चिकटून राहिलेल्यांचा वेग सारखा, असं म्हणा फार तर.

डस्टर

आला! अखेर एक शहाणा माणूस आला. विदाबिंदू, तुमच्या तोंडात पेढा.

अंजिरा

दुसरी शंका मान्य. पहिली थोडी मान्य, पण सुरुवातीतला फरक इतका मोठा आणि वेगातला इतका बारका आहे की सगळंच पद्धतीच्या माथी मारता येत नाही. पेढा त्यांना खाऊ द्या.

तीन नद्या

मी पिट्सबर्गला राहतो. कार्नेगी मेलन इथलंच, कोडिंगर मंडळींचं कुरुक्षेत्र हेच. नव्वदच्या दशकात इथल्या सरकारी हायस्कुलांत बीजगणिताची ही संगणकी शिकवणी उतरवली, इथल्याच शिक्षकांना सोबत घेऊन. १९९८मध्ये त्यातून कंपनी निघाली. पुढे रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने ७ राज्यांत १४७ शाळा घेऊन दोन वर्षं तपासलं, अहवाल २०१४ला आला. पहिल्या वर्षी फरक शून्य. दुसऱ्या वर्षी हायस्कुलात मधलं मूल ५०व्या शतमानावरून ५८व्यावर, म्हणजे शंभरांत ५० जणांच्या पुढे होतं ते ५८ जणांच्या पुढे. जाहिरातीत दुसरं वर्ष असतं, पहिलं नसतं.

आता घरचं. थोरलीच्या शाळेत हाच प्रकार होता. मी कौतुकाने मागे उभा राहून बघत होतो. तिने गणित वाचलंच नाही. ‘हिंट’ दाबलं. पुन्हा हिंट. पुन्हा. शेवटच्या हिंटमध्ये चक्क उत्तर असतं, ते डाव्या हाताने टाइप केलं, उजव्या हातात चिवडा. पुढचं गणित. म्हटलं, हे काय? म्हणाली, “बाबा, हिरवा पट्टा भरला की झालं.” या चाळ्यावरही इथेच संशोधन झालंय. रायन बेकर यांनी २००४ला दाखवलं की अशी पळवाट काढणारी मुलं कमी शिकतात. माझ्याकडे चिवड्यासकट पुरावा आहे.

डस्टर

हेच! यंत्राला पोरगं फसवतं. माझ्यासमोर हिंट हिंट करून दाखव म्हणावं. माणसाची सर यंत्राला नाही.

विदाबिंदू

कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ला सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. माणसाच्या एकास-एक शिकवणीचा परिणाम ०.७९ प्रमाण विचलन (मुलांचे गुण किती विखुरलेले असतात त्याचं माप). पायरीपायरीने तपासणाऱ्या संगणकी शिकवणीचा ०.७६. पेढा परत हवा असेल तर सांगा.

डस्टर

एकास एक! माझ्या बॅचला ४५ पोरं असतात साहेब, आणि फी किती ते विचारू नका. एकास एक काय, मीसुद्धा कोणालाही शिकवून दाखवीन. वातानुकूलित खोलीत बसून १३ लाख नोंदी चाळणाऱ्यांना खडूची धूळ ठाऊक नसते. अंजिराताई, शेवटचा वर्ग कधी घेतलात?

अंजिरा

गेल्या गुरुवारी. आणि त्याआधीचंही ऐका.

सातवीत मी ‘ढ’ होते. अधिकृत. बाईंनी वर्गाचे दोन भाग केले होते, खिडकीकडचे आणि भिंतीकडचे. मी भिंतीकडे. भिंतीकडच्यांना फळ्यावर बोलवत नसत, वेळ जातो म्हणून. वर्षभरात मी एकदाही फळ्यावर गणित सोडवलं नाही. वही मात्र सुंदर होती, सगळं उतरवलेलं, लाल शाईत ‘छान’. मे महिन्यात मामाकडे गेले. मामा वखारीत हिशेबनीस. त्याने महिनाभर मला वखारीत बसवलं, गाडी आली की घनफूट काढायला. चुकलं की लगेच कळायचं, कारण समोर गिऱ्हाईक उभं असायचं. जूनमध्ये आठवीला परत आले तर अपूर्णांक येत होते. मेंदू तोच होता हो. भिंत नव्हती.

धुळीबद्दल पुन्हा बोलू नका.

वस्तीशाळा

ताई, वाचून गप्प झालो.

पण मला एक सांगा, तेरा संधी देऊ कधी? या महिन्यात माझे नऊ दिवस मतदार याद्यांत गेले. मग एक सर्वेक्षण. मग ॲपवर माहिती भरा, फोटो टाका, रेंज नाही म्हणून टेकडीवर चढून टाका. पोषण आहाराची चव मी घ्यायची, तांदळाचं वजन मी लिहायचं, वर्गात दोन इयत्ता एकत्र. वरून विचारणा येते, गुणवत्ता का घसरली? अहो, घसरायला ती वर्गात तरी हवी, ती माझ्यासोबत मतदार यादी घेऊन वस्तीवर फिरतेय. त्यात आता प्रत्येक शाळेला टॅब म्हणे. आधी आलेला टॅब कपाटात आहे. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक प्रशिक्षणाला.

कर्कटक

प्रशिक्षण कशाचं? टॅबचं?

वस्तीशाळा

हो.

विदाबिंदू

गुरुजी, तुमच्या दुखण्याशी जुळणारा एक अभ्यास दिल्लीतला आहे. मुरलीधरन, सिंग आणि गानिमियन, २०१९. बहुतेक सरकारी शाळांतली ६१९ मुलं, सोडत काढून निम्म्यांना शाळेनंतरच्या केंद्रावर मोफत प्रवेश. रोज ४५ मिनिटं माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर, ४५ मिनिटं लहान गटात माणूस. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ प्रमाण विचलनाची वाढ, हिंदीत ०.२३.

पण खरी गोम आधीच्या चाचणीत आहे. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. आणि ज्यांना सोडत लागली नाही, त्यांच्यातल्या सर्वात कच्च्या एक तृतीयांश मुलांची साडेचार महिन्यांत प्रगती शून्य. थोडी नव्हे, शून्य. रोज शाळेत जाऊन. सॉफ्टवेअर त्यांना सहावीचं देत नव्हतं, जिथे होती तिथलं देत होतं. तिथे मात्र कच्ची आणि पक्की मुलं साधारण सारखीच पुढे सरकली.

म्हणजे डस्टर यांना डोळ्यांनी जे दिसतं ते खोटं नाही. कच्चं पोरगं खरंच हलत नाही. पण वेगाचा दोष त्याच्या डोक्यात शोधण्याआधी त्याच्या हातात कोणत्या इयत्तेचं गणित दिलंय ते पाहा.

डस्टर

दहावीच्या पोराला पाचवीचे अपूर्णांक द्यायला गेलो तर पालक दुसऱ्या दिवशी शेजारच्या क्लासला नाव घालतात. “सर अजून पाचवीचंच घेतात.” बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये असते, पोराचं डोकं तयार होईल तेव्हा नसते. तरी मी बापडा शेवटच्या महिन्यात शाब्दिक उदाहरणं घेतो, ती सर्वात अवघड म्हणून शेवटी.

अंजिरा

तुम्ही स्वतःहून हे काढलंत, मी नव्हते काढणार. कोडिंगर आणि नेथन, २००४. पिट्सबर्गच्या हायस्कुलातल्या मुलांना तेच गणित समीकरण म्हणून दिलं आणि गोष्ट म्हणूनही दिलं. गोष्टीचं जास्त मुलांना आलं. शिक्षकांना आधी विचारलं होतं की अवघड काय जाईल. हायस्कूलच्या शिक्षकांचा अंदाज बरोब्बर उलटा होता. ज्याला विषय येतो त्याला नवख्याचं अडणं दिसत नाही.

करून बघा. “तासाला ६० रुपये, वर जेवणाचे ४०, हातात आले ३४०. किती तास काम केलं?” तुमच्या ११ मार्कवाल्याला हे तोंडी विचारा. मग दुसऱ्या दिवशी ६०क्ष + ४० = ३४० द्या.

डस्टर

विचारतो. तोंडावर पडाल.

पाऊणकी

इकडे सगळे इंग्रजी निबंध वाचताहेत म्हणून माझंही एक लिहितो. नातू बंगळुरूला असतो, गणपतीला आला होता. मोदक मोजायला बसवला. म्हटलं, त्रेपन्न झाले का रे? म्हणाला, “आजोबा, त्रेपन्न म्हणजे किती? इंग्लिशमध्ये सांगा ना.” सून हसली. मला काही हसू आलं नाही. मोदक ५३ होते, आणि आमच्या घरात चार पिढ्या शिक्षक.

तर गुरुजी, तुमचं ते वीस दोन. म्हणा बाबांनो, वीस दोन म्हणा, पन्नास तीन म्हणा, पण मराठीत म्हणा. मला पटलेलं नाही, हे नोंदवून ठेवा.

वस्तीशाळा

नोंदवलं, काका. ॲपवर फोटोसकट टाकतो.

डस्टर

दोन दिवसांनी लिहितोय. ११ मार्कवाल्याला परवा तोंडी विचारलं. खिशात हात घालून उभा होता, वर छताकडे बघून म्हणाला, “जेवणाचे ४० काढले, ३०० उरले, साठाने भागले, पाच तास.” मी म्हटलं कसं काय रे? म्हणाला, “मे महिन्यात काकाच्या केटरिंगला जातो ना सर.” काल समीकरण दिलं. क्ष बघून पेन तोंडात घातलं ते काढलं नाही.

अंजिराताई, एवढ्याने तुमचे १३ लाख सिद्ध होत नाहीत. एकच पोरगा आहे, आणि तो केटरिंगला जातो.

मात्र काल बॅच सुटल्यावर त्याची वही ठेवून घेतली. जूनपासून एकचल समीकरणं मोजली. फळ्यावरून उतरवलेली १७. स्वतः सोडवलेली ३. त्यातलं मी तपासलेलं १, आणि त्यावर चुकीची खूण आहे पण कुठे चुकलं ते लिहिलेलं नाही. अक्षर माझंच आहे.

बाकीच्या ४४ वह्या मागवल्या आहेत. पालकांना कारण सांगितलेलं नाही.

कर्कटक

४४ कसले, चाळीस चार म्हणा.